एका शब्दाभोवतीचं पेन्सिलीचं वर्तुळ

आदरणीय सर,

तुम्हाला मराठी येत नाही हे ठाऊक असून पत्र मराठीतच लिहिते आहे. मनापासून आभार मानायला बसले की मला दुसरी भाषा सुचत नाही. कुणाकडून तरी वाचून घ्या. दुसऱ्याकडून वाचून घेणं ही तर तुमचीच सवय. आणि सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण तुमच्यासारखे अभ्यागत अभ्यासक येतात, चार महिने राहतात, दोन व्याख्यानं देऊन निघून जातात. व्याख्यानांची नोंद अहवालात होते. बाकीची कुठेच होत नाही.

तुम्ही येण्याआधीचं थोडं सांगते, कारण ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधांवरच्या माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण एका विद्वानांकडे सात महिने पडून होतं. परत आलं तेव्हा पिनेखालचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. दुसऱ्यांनी ‘विषय नाजूक आहे’ म्हणत ते कपाटात ठेवलं, जणू नाजूक वस्तू कपाटात ठेवल्या की अभ्यास पुरा होतो. तिसऱ्यांनी निदान तोंडावर विचारलं, “तुम्ही मुसलमानही नाही, ख्रिस्तीही नाही. तुमचं यात काय अडलंय?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. उत्तर होतं, पण ते शोधनिबंधात शोभणारं नव्हतं. मला नजाशीच्या गोष्टीने ओढून नेलं होतं. मक्केत छळ सोसलेले काही मुसलमान इसवी सन 615 च्या सुमारास समुद्र ओलांडून अबिसीनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, ख्रिस्ती राजाच्या, नजाशीच्या, आश्रयाला गेले. त्यांना परत न्यायला मक्केतल्या कुरैश टोळीची माणसं नजराणे घेऊन मागोमाग आली. परंपरा सांगते की आश्रितांपैकी जाफर इब्न अबी तालिब यांनी दरबारात सूरह मरयमचा, म्हणजे येशूच्या आईच्या नावाच्या कुराणातल्या अध्यायाचा, सुरुवातीचा भाग म्हणून दाखवला आणि राजाची दाढी अश्रूंनी भिजली. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी हुकमी पान टाकलं: हे लोक येशूबद्दल काय म्हणतात ते विचारा. जाफर यांनी लपवाछपवी केली नाही. अल्लाहचा दास, त्याचा प्रेषित, त्याचा आत्मा आणि कुमारी मरयमच्या ठायी टाकलेला त्याचा शब्द, असं सरळ सांगितलं. नजाशीने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला, येशू याहून या काडीइतकाही वेगळा नाही. त्याचे सरदार नाराज झाले, नजराणे परत गेले, माणसं राहिली. मला ती काडी बघायची होती. एवढंच माझं अडलं होतं.

तुमच्या खोलीत मी पहिल्यांदा आले त्या दुपारी माझ्या पिशवीत दोन कागद होते. एक ते प्रकरण, दुसरा नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. आधी कुठला बाहेर काढायचा हे दारापर्यंत ठरलं नव्हतं. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत आणि म्हणालात, “ठेवून जाऊ नका. बसा, आत्ताच वाचतो.” तुम्ही बत्तीस पानं माझ्यासमोर वाचलीत, मी भिंतीकडे बघत बसले.

लाल शाई कुठेही नव्हती. अकराव्या पानावर एका शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेलं होतं, इतकं फिकं की कागद उजेडात तिरका धरावा लागला. वाक्य होतं: ‘कुराण येशूला फक्त प्रेषित मानतं.’ प्रबंध इंग्रजीत, तेव्हा शब्दही इंग्रजी, चार अक्षरांचा. पण काम ‘फक्त’चंच करत होता. तुम्ही विचारलंत, “हा फक्त कुणाचा आहे?”

घरी जाऊन मी त्या चार अक्षरांशी रात्रभर भांडले. ज्याला कुराण मसीह म्हणतं, ज्याचा जन्म कुमारीच्या पोटी झाला असं मानतं, ज्याला अल्लाहचा शब्द म्हणतं, ज्याच्या आईचं नाव घेतं आणि तिच्याखेरीज दुसऱ्या एकाही स्त्रीचं नाव घेत नाही, त्याच्याबद्दल ‘फक्त’ कोण म्हणेल? प्रेषित असण्याहून मोठं माणसाला काही होताच येत नाही असं मानणारा तर नाहीच म्हणणार. तो ‘फक्त’ माझा होता. मी नकळत एका घराची फूटपट्टी घेऊन दुसऱ्या घराची उंची मोजत होते आणि त्याला तटस्थपणा म्हणत होते. अर्ज दुसऱ्या दिवशी फाडला.

पुढची गोष्ट तुम्ही विसरलाही असाल. तेविसाव्या पानावर मी ख्रिस्ती लोक तीन देव मानतात अशा अर्थाचं एक ढिसाळ वाक्य लिहिलं होतं. त्यावर मात्र वर्तुळ आलं नाही. तुम्ही उठलात, कोट घातलात आणि म्हणालात, “याचं उत्तर मी देऊ शकत नाही, मी ख्रिस्ती नाही. चला, विचारून येऊ.” मी थक्क. बगदादचा खलिफा अल-महदी आणि पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चचे प्रमुख धर्मगुरू तिमथी पहिला यांच्यात 781 च्या सुमारास दोन दिवस चाललेला तो संवाद तुम्ही व्याख्यानात अशा मायेने उलगडला होता, अंधाऱ्या घरात पडलेल्या मोत्याचा तिमथीचा दृष्टांत असा सांगितला होता, की मी तुम्हाला ख्रिस्तीच धरून चालले होते.

आपण एका निवृत्त ईश्वरविद्या शिक्षकांकडे गेलो. तुम्ही मला ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलंत. लिहिताना जे सपक वाटलं होतं ते त्यांच्यासमोर वाचताना घशात अडकलं. ते शांतपणे म्हणाले, “देव एकच, बाई. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य म्हणजे बेरीज नव्हे.” मग तासभर ते बोलले, आणि तुम्ही वहीत टिपून घेत राहिलात. वधस्तंभाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही दोघंही एक पाऊल मागे सरला नाहीत. येशूला वधस्तंभावर मारलं हे कुराण नाकारतं, ते तुम्ही सांगितलंत, त्यांनी आपली श्रद्धा सांगितली, आणि कुणी कुणाला गोड बोलून गुंडाळलं नाही. निघताना तुम्ही त्यांना दार उघडून धरलंत, खरं तर दार त्यांचं होतं.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अकराव्या पानावरचा ‘फक्त’ तुम्हाला स्वतःला बोचला असणार. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. स्वतःच्या श्रद्धेवरच्या ओरखड्याला पेन्सिलीचं एक वर्तुळ, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दलच्या चुकीसाठी तुम्ही अख्खी दुपार दिलीत. आभार मानते ते याचे. बाकी संदर्भ, ग्रंथ, शिफारशीचं पत्र वगैरे ठीकच.

मोठ्या घोषणा मी नंतर पुष्कळ वाचल्या. व्हॅटिकनचा 1965 चा जाहीरनामा आहे, 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना 2007 मध्ये लिहिलेलं खुलं पत्र आहे. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण सही करताना माणूस सावध असतो, त्याचा कस तिथे लागत नाही. बंद खोलीत, बघायला कुणी नसताना, समोरच्या नवख्या पोरीचं चुकीचं वाक्य हातात असताना तो काय करतो, ते मी पाहिलं आहे. कपाटवाल्यांकडे विद्वत्ता काही कमी नव्हती, सर. तुमच्याइतकीच असेल.

ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू नका म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. त्या शिक्षकांचं आहे.

प्रबंधाची प्रत पाठवते आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर ती चार अक्षरं पुन्हा आली आहेत. ती मुद्दाम ठेवली आहेत, तिथे ती लागतातच. पटलं नाही तर वर्तुळ काढा आणि पान परत पाठवा. या वेळी मी भांडणार आहे.

आपली,
अकराव्या पानावरची विद्यार्थिनी