म्हणे कानात कापूस घाला!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'घोरण्याला करा रामराम' हा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले, आज राहवलं नाही. लेखकमहाशयांनी आठ घरगुती उपाय दिलेत. नाकात साजूक तूप सोडा, झोपताना हळदीचं दूध घ्या, वगैरे. त्याला माझी हरकत नाही, तूप आमच्याही घरात आहे. कुशीवर झोपा हा उपाय तर खराच आहे, उताणं झोपलं की जीभ मागे पडते. माझी हरकत आठव्याला. 'एवढे करूनही आवाज थांबला नाही तर जोडीदाराने कानात कापूस घालून निवांत झोपावे.' वर व्यंगचित्र: नवऱ्याच्या नाकातून इंजिनाचा धूर, बायको उशी घेऊन पळतेय. छान आहे. हसलो आम्ही.

मी कानात कापूस घालून निवांत झोपले असते तर आज हे पत्र कदाचित पांढऱ्या कपाळाने लिहीत असते.

आमच्या यांचं घोरणं सेलूत आमच्या गल्लीला पाठ आहे. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात. सकाळी शेजारची सून विचारायची, "काकू, रात्री ट्रॅक्टर कुणाचा चालू होता वो?" आणि सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "माझ्या लेकाला झोप लई गाढ लागते." मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. आवाजाचा त्रास नव्हता, आवाजाची सवय होते. माझी झोप मोडायची ती आवाज थांबला की. घर्र घर्र चालू असतं आणि एकदम बंद. पोट वरखाली होतंय, पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. तीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणून घेतले, तशी मी अंधारात मोजत बसायची. अकरा, बारा, तेरा... एकदा एकतीसवर गेले. मग बुडता माणूस वर आल्यासारखा मोठा आचका, कूस बदलणं, की पुन्हा ट्रॅक्टर चालू. सकाळी यांना यातलं काही म्हणजे काही आठवायचं नाही. वर मलाच सल्ला, "तुला झोप येत नाही, तू डॉक्टरला दाखव."

म्हणजे दुखणं एकाचं आणि ते दिसतं फक्त शेजारी झोपलेल्याला. त्या एकुलत्या एका साक्षीदाराचेच कान तुम्ही कापसाने बंद करायला निघालात.

दिवसाची तऱ्हा वेगळीच. एकदा रेल्वे फाटकाशी गाडी उभी केली, एक पाय जमिनीवर, आणि लागली डुलकी. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवून थकले, हे जागचे हलेनात. नशीब, गाडी चालू नव्हती. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे म्हणून साखर तपासली, प्रोस्टेट तपासलं, दोन्ही ठीक. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. बीपीची एक गोळी होती, तिच्या तीन झाल्या, तरी बीपी खाली येईना. एका डॉक्टरांनी (नाव लिहीत नाही, माणूस भला आहे) झोप नीट होत नाही ऐकल्याबरोबर झोपेची गोळी लिहून दिली. त्या रात्री मी मोजायचं सोडून यांना हलवतच बसले. झोपेची गोळी काय आणि दारू काय, दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, हे आम्हाला नंतर कळलं.

अखेर भाचा म्हणाला, "मामी, मोबाइलवर शूटिंग करा अन् तेच दाखवा." दोन मिनिटांचं शूटिंग घेऊन संभाजीनगर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी ते पाहिलं, गळ्याला टेप लावून माप घेतलं, भरलं सतरा इंच. मग एक रात्र दवाखान्यात झोपवलं. डोक्याला वायरी, छातीला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. हे म्हणाले, "एवढ्या तारा तर आपल्या डीपीला पण नाहीत." रिपोर्ट आला: तासाला ४२ वेळा श्वास थांबतो किंवा तोकडा पडतो, तोही दर वेळी निदान दहा सेकंद. पाचच्या आत असला तर ठीक, तीसच्या पुढे गंभीर. झोपेत घसा मिटतो, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू दचकून क्षणभर जागं करतो. रात्रभर हेच. सासूबाई ज्याला गाढ झोप म्हणायच्या ती ही. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. जाडी हे मोठं कारण, पण जबडा मागे असला तर सडपातळ माणसालाही होतो. माझे सासरे काटकुळे होते, घोरायचे. झोपेतच गेले. पुण्यवान माणूस, म्हणाले सगळे.

तुमच्या लेखात हा शब्द एकदाही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. तुमच्याच अंकात वाचल्याचं आठवतं. अर्थात त्यांच्या गळ्यातल्या साखळ्यांना जागा जास्त होती.

पुढचं थोडक्यात सांगते. एक पाटली मोडून सीपॅप मशीन आणलं. रात्री नाकावर मास्क लावायचा, मशीन हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हे सुरू केलं म्हणे. पहिला आठवडा भांडणात गेला. हत्तीची सोंड नको, मिशीमुळे हवा गळते, एक ना दोन. मिशी गेली. दोन आठवड्यांत रात्रीचं उठणं एकदावर आलं आणि दुपारी पेपर वाचताना मान पडायची थांबली, म्हणून तर तुमचा तो लेख मला मोठ्याने वाचून दाखवता आला. वजन उतरवायलाही सांगितलंय, तिथे मात्र प्रगती बेताची आहे. मशीनच्या डबीत डिस्टिल्ड वॉटर लागतं. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि यांच्या श्वासाला बाटलीतलं!

आता हे मशीन विजेवर चालतं, आणि आम्ही राहतो मराठवाड्यात. वारं सुटलं की लाइट जाते, वारं पडलं तरी येत नाही. गेल्या पंधरवड्यात चार रात्री दोनच्या सुमाराला गेली. मशीन बंद पडतं, हे झोपेतच मास्क ओढून फेकतात, आणि मी पुन्हा अकरा, बारा, तेरा. इन्व्हर्टर घेतला, पण दिवसा तो चार्ज व्हायला तरी लाइट नको का? तक्रारीच्या नंबरवर बेल वाजते, उचलत कुणी नाही. शेतकऱ्याच्या पंपाला मात्र कितीदा तरी रात्रीचीच लाइट, म्हणजे त्याने झोपायचंच नाही. बिल तेवढं वेळेवर.

असो. येत्या रविवारी एक चौकट छापा: घोरता घोरता श्वास थांबत असेल तर शेजारच्याने मोजा, शूटिंग घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. जागेची अडचण असेल तर त्या लेखाखाली घोरणं थांबवणाऱ्या जादूच्या हनुवटीपट्ट्याची जाहिरात होती ना, तेवढी जागा पुरे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सेलू, जि. परभणी

ता. क. पत्र मोठं झालंय, काटछाट कराल याची कल्पना आहे. सासऱ्यांचं कापा हवं तर, लाइटचं कापू नका.