बाबांचा पाय राखणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

बाबांच्या अंगठ्याची जखम पूर्ण भरली. त्याबद्दल आभार मानायचे आहेतच, पण तुम्ही वेळ काढून जे समजावलंत त्याबद्दल जास्त.

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. बाबा ते वयावर ढकलत. तुम्ही पहिल्याच भेटीत रक्तदाबाचा पट्टा दंडाला लावलात, मग घोट्याला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं, उत्तर 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजायचं. इतक्या साध्या भागाकारावर माझा आधी विश्वासच बसेना.

तरी तुम्ही लगेच अँजिओप्लास्टीचं, म्हणजे धमनी आतून बलूनने रुंद करण्याचं, नाव काढलं नाहीत. सिगारेट बंद, गोळ्या सुरू, आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालायचं. अंगठ्याची जखम चिघळली तेव्हा मात्र म्हणालात, आता वाट बघायची नाही. पाय कापावा लागेल का, हे बाबांच्या तोंडून निघत नव्हतं. तुम्ही आपणहून 1964 सालची गोष्ट काढलीत: पाय कापू द्यायला नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या बाईंची मांडीतली धमनी अमेरिकेत चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, रुंद केली आणि पाय वाचला. बाबांना त्या हट्टी बाई फारच आवडल्या!

मग बाबांची अँजिओप्लास्टी झाली: जांघेत छोटंसं छिद्र, तेवढीच जागा बधिर, बाबा पूर्ण जागे. बारीक तार अडथळ्यापलीकडे नेणं हेच खरं जिकिरीचं, बलून फुगवणं त्यामानाने सोपं, हे नंतर तुमच्याकडूनच कळलं. गुडघ्यामागची धमनी पायाबरोबर सतत वाकते, म्हणून तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, न बसवता औषधाचा लेप असलेला बलून वापरलात. बाबांची किडनी नाजूक, तेव्हा एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडतात ते औषधही हात राखून दिलंत. छिद्र दाबून धरत बाबांना गप्पांत गुंतवणाऱ्या सिस्टरांनाही आमचा नमस्कार सांगा.

घरी सोडताना तुम्ही स्पष्ट सांगितलंत, की वाट मोकळी झाली, आजार गेलेला नाही. धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. ऐकायला जड गेलं, पण त्यामुळेच बाबा रोज तळपाय तपासतात आणि गोळी चुकवत नाहीत.

पुढच्या डॉपलरला, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीला, येतोच आहोत. सिगारेटचं विचारलंत तर बाबा चिडतील. तरी विचाराच.

आपला,
तुमच्या पेशंटचा मुलगा