बावीस पुतळ्या

इप्सविच,
१ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर हे सांगायला दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तू उसाच्या बिलावर गेलास. म्हणून पत्र. निवांत वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. दोन दिवस जाऊ देत.

तू मागे विचारलंस, गॅरेजमध्ये गाडी का ठेवत नाहीस म्हणून. गाडीला जागाच नाही. तिथं एकतीस मेटल डिटेक्टर आहेत, सगळे जुने. इथं रविवारी माळावर बाजार भरतो. लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ विकायला बसतात. मिरजेचा बाजारच, फक्त भजी नाहीत. तिथं पाच-दहा पौंडांना अशी यंत्रं मिळतात. म्हातारा वारला की त्याची मुलं आणून टाकतात. सेल आतच फुटलेला असतो, पत्र्यावर हिरवी-पांढरी पूड धरलेली असते. मी ती व्हिनेगरनं पुसतो, तारा बदलतो, आणि बटण फिरवून तो पहिला ‘कुंईं’ आवाज आला की चहा टाकतो. ही म्हणते, भंगारवाल्याशी लग्न केलं असतं तर निदान वजनावर पैसे तरी आले असते.

एका यंत्राच्या पिशवीत घडी घातलेला कागद निघाला. सरकारी परवाना. १९८० पर्यंत इथं हे यंत्र वापरायला वायरलेसचा परवाना लागायचा, आणि त्याचं नाव काय तर ‘पाइप फाइंडर लायसन’! रोमन नाणी शोधणारा माणूस सरकारदरबारी नळ शोधणारा. परवाना ज्याच्या नावाचा, त्यानं मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘तीन पेनी, एक बक्कल, एक चावी.’ सगळ्या उन्हाळ्याची कमाई तेवढीच.

दुसरं एक अमेरिकेतलं आहे, ऑरेगॉनमधल्या स्वीट होम नावाच्या गावातलं. तिथल्या व्हाइट्स कंपनीनं १९५० साली युरेनियम शोधणाऱ्यांसाठी गायगर काउंटर करायला सुरुवात केली, मग ती डिटेक्टरकडे वळली. सत्तर वर्षं चालली आणि २०२० मध्ये बंद पडली. फिशरचं लाकडी पेट्यांचं यंत्र मात्र अजून मला मिळालेलं नाही. लांब दांड्याच्या एका टोकाला पाठवणारी पेटी, दुसऱ्या टोकाला ऐकणारी, आतमध्ये जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व. गेरहार्ड फिशर जर्मनीतून अमेरिकेला गेलेला माणूस. विमानांना रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रावर काम करताना त्याच्या ध्यानात आलं, की खाली धातू असला की दिशा चुकते. दुसरा कुणी ती चूक दुरुस्त करून मोकळा झाला असता. यानं त्या चुकीचंच यंत्र बनवलं, आणि १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

असो. आता मुद्द्यावर येतो. टाळाटाळ पुरे.

आपलं यंत्र आठवतं ना? १९७४. चाळणीची लाकडी कड, तिच्यावर मोटर भरणाऱ्याकडून आणलेली इनॅमलची तार, वेळूचा दांडा, आणि दांड्याला सुतळीनं बांधलेला आबांचा ट्रान्झिस्टर. कॉइलच्या ऑसिलेटरची, म्हणजे रेडिओ लहरी काढणाऱ्या सर्किटची, वारंवारिता सांगली आकाशवाणीच्या जवळ आणून ठेवली की रेडिओतून शीळ यायची. कॉइलखाली खुरपं आलं की शीळ चढायची किंवा उतरायची. शीळेखालून शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांची माहिती ऐकत आपण सोनं शोधत होतो. गावात दोन दिवस आपला रुबाब पाणाड्यासारखा होता. पाणाड्याच्या हातात नुसता नारळ, आपल्या हातात विज्ञान!

शाळू काढून मळणी झाली आणि काकू म्हसोबाला नैवेद्य घेऊन रानात आल्या. येताना गळ्यात पुतळ्यांची माळ घालून आल्या. बाभळीच्या फांदीत गोफ अडकला, तुटला. तेवीस पुतळ्या ढेकळांत. बायकांनी तिथंच पदर खोचले, सांजेपर्यंत बावीस मिळाल्या. तेविसावी नाही. चार आण्याच्या नाण्याएवढी, नखासारखी पातळ. ओटीत घालून बावीसच घरी गेल्या, आणि काकू रात्री जेवल्या नाहीत.

आपलं यंत्र तयार व्हायला पंधरा दिवस गेले. तोवर आबांनी तो तुकडा नांगरून घेतला होता. आपण तीन दिवस फिरलो. दोन नाल, एक फाळाचा तुकडा, गाडीची एक खीळ. पुतळी नाही. आणि तिसऱ्या दिवशी बांधावर बसून आबा जे बोलले ते तू विसरला असशील. मी नाही विसरलो. ‘पोरांचं मशीन खिळासुदीक सोडंना. म्हंजे सोनं रानात न्हाई.’ रानात नाही, म्हणजे कुणीतरी उचललं. आणि त्या दिवशी ढेकळं परतायला सगळ्यांच्या आधी वाकले होते ते तुमचे सालगडी मामा.

त्या पाडव्याला आबांनी मामांना साल धरायला बोलावलं नाही. चोर असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. मामा आठ वर्षं तुमच्याकडे होते. त्यांनी आपल्याला पोहायला शिकवलं. पाडव्यादिवशी ते घोंगडं खांद्यावर टाकून गेले तेव्हा आपण दोघं माडीवर कॉइलला नवीन तार गुंडाळत होतो. मी खिडकीतून बघितलं. त्यांनी वर बघितलं नाही.

बंड्या, गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एक गोष्ट केली. गॅरेजमध्ये आपल्याच जातकुळीचं एक यंत्र आहे, दोन ऑसिलेटरचं. एकाची तार कॉइलमध्ये, दुसरा पेटीत, आणि दोघांमधला फरक तेवढा आपल्या कानाला ऐकू येतो. इथले लोक त्याला बीएफओ म्हणतात. आपल्यापेक्षा कितीतरी सुबक, कारखान्यात बनलेलं. हिच्या आईची पुतळ्यांची माळ लॉकरमधून काढली (किती बोलणी खाल्ली ते विचारू नकोस), एक पुतळी सुटी करून घेतली आणि परसात पुरली. एक इंच: स्वच्छ आवाज. दोन इंच: आवाज. तीन इंचांवर श्वास रोखला तर काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. चार इंचांवर काही नाही. दहा वेळा फिरवलं. काही नाही. पुतळी तिथंच होती, मीच पुरली होती.

लोखंडी नांगर माती नुसती चिरत नाही, उलथी करतो. वरची खाली. वीतभर खाली. आपलं यंत्र चार इंचांवर बहिरं, आणि पुतळी असलीच तर आठ-नऊ इंचांवर. त्यात फाल्गुनातलं ऊन. असली ऑसिलेटरं तापली की आपोआप सरकतात. शीळ धातूमुळे बदलली की उन्हामुळे, हे आपल्याला कळतही नव्हतं. आपण दर दहा मिनिटांनी खुंटी पिळून शीळ परत जागेवर आणत होतो, आठवतं? टेक्सासच्या चार्ल्स गॅरेटनं १९६४ मध्ये कंपनी काढली ती हेच सरकणं थांबवतो म्हणून. तिकडे लोक आपल्या दहा वर्षं आधी ज्या दोषावर भांडत होते, तो दोष आपल्या हातात होता आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नव्हतं.

नाल आणि खीळ सापडली कारण ती जाड, आणि वर होती. त्यावरूनच तर आबांचा विश्वास बसला. यंत्र बोलतं ते खरं, हे आपण दाखवून दिलं होतं. ते गप्प बसतं तेव्हा काय, हे कुणी विचारलं नाही, आणि आपणही सांगितलं नाही. मला तेव्हाच थोडी शंका होती. मी बोललो नाही, कारण यंत्र माझं होतं.

मोठमोठ्यांचंही असंच झालंय, पण त्यानं मला हलकं वाटत नाही. १८८१ मध्ये अमेरिकेच्या गारफील्ड राष्ट्राध्यक्षांना गोळी लागली. टेलिफोनवाला बेल आपलं यंत्र घेऊन गोळी शोधायला गेला. डॉक्टर ब्लिस म्हणाले, गोळी उजवीकडे आहे, उजवीकडेच शोधा. त्यात पलंगाला लोखंडी स्प्रिंगा. गोळी काही मिळाली नाही. सप्टेंबरात गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली ती डाव्या बाजूला.

गप्प बसण्याची खरी किंमत सुरुंगवाल्यांना ठाऊक. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ मध्ये अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, चार दिवसांत ५५ मैल रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ करत गेले. यंत्र नाही, नुसती नजर आणि हात. कानाचा पडदा फाटला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये एल अलामेनच्या लढाईला पाचशे पोलिश डिटेक्टर पोचले. ते करणाऱ्या युझेफ कोसात्स्कीचं नाव युद्ध संपेपर्यंत झाकून ठेवलं होतं, कारण घरची माणसं जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होती.

आणि हे मुद्दाम तुझ्यासाठी: माझ्या घरापासून तासाभराच्या आत हॉक्सन म्हणून गाव आहे. १९९२ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं डिटेक्टर असलेल्या मित्राला बोलावलं. हातोडा शोधायला गेलेल्या त्या माणसाला पंधरा हजारांच्या आसपास रोमन नाणी मिळाली. त्यानं सगळं उपसलं नाही, थोडं वर काढून कळवून टाकलं. शेवटी हातोडाही मिळाला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये सोन्याच्या शेजारी आहे. मी तिथं जातो तेव्हा सोनं सोडून हातोडाच बघत बसतो.

तर बेत असा. मी एप्रिलमध्ये येतोय. येताना नवीन यंत्र आणतो, कस्टमवाल्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. नवीन यंत्राच्या पडद्यावर आकडा येतो, कान लावावा लागत नाही, म्हणून मला ते आवडत नाही. शिवाय लोखंड नको म्हणून बटण पिळलं की बारीक, पातळ सोनंही त्यातच गाळलं जातं. म्हणून मी ते बटण शून्यावर ठेवणार. सगळे खिळे उपसू. बाभळ गेली असली तरी म्हसोबाचा दगड हलला नसेल. त्याच्या पूर्वेचा वीस पावलांचा पट्टा हळदीच्या लावणीआधी नांगरू नकोस, एवढंच तुझ्याकडे मागणं. पन्नास वर्षांत शंभरदा नांगर फिरलाय, पुतळी खालची वर आली असेल किंवा शेजारच्या बांधात गेली असेल. आणि हो, १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे. दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पण आपली पुतळी कुणी पुरलेली नाही, पडलेली आहे. कलेक्टरला तेवढं समजावता येईल.

काकू असत्या तर बरं झालं असतं. मामाही नाहीत, हे तूच सांगितलंस. त्यांचा थोरला माधवनगरला असतो म्हणालास. त्याचा पत्ता काढून ठेव. पुतळी मिळो न मिळो, परसातल्या चार इंचांची गोष्ट त्याला माझ्या तोंडून सांगायची आहे, आणि तू बरोबर हवास. रानात जायच्या आधी तिकडे जाऊ. यंत्र गाडीतच राहू दे.

माळ्यावर ती चाळणीची कड असेल तर टाकू नकोस.

वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
रेडिओवाला