रविवारची बैठक : मिल्टन ब्राऊन

मंडळी, आठवण करून देतो. रविवारी संध्याकाळी ५ ला मिल्टन ब्राऊन ऐकायचाय. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा गायक. १९३२ मध्ये त्याने ‘म्युझिकल ब्राऊनीज’ हा वाद्यवृंद उभा केला. वेस्टर्न स्विंग (म्हणजे टेक्सासकडचं ग्रामीण नाचगाणं आणि जॅझ यांचं मिश्रण) म्हटलं की सगळे फिडलवादक बॉब विल्सचंच नाव घेतात, पण आधी दोघं एकत्रच वाजवत होते!

जानेवारी १९३५ मधली शिकागोत डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं मुख्य. त्यात बॉब डनची विजेवरची स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती) कान देऊन ऐका; तारा छेडतोय की ट्रम्पेट फुंकतोय, कळत नाही. एप्रिल १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर ब्राऊन गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी.

मोबाईल बंद ठेवा. चहा मध्यंतरातच मिळेल, आधी नाही.