तेवीस पराभवांची वही

कोल्हापूर,
रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मध्यंतरी फोनवर तू म्हणालास, "बाबा, हंगाम संपला की ही टीम सोडतो. दुसरी जरा बरी बघतो." मी तेव्हा हो किंवा नाही काहीच बोललो नाही. तुला वाटलं असेल, कॉम्प्युटरवरच्या खेळाचं बाबांना काय. पण तुझ्या आवाजातला थकवा माझ्या ओळखीचा होता. मैदानावरून हरून परतताना मुलं सॅक जमिनीवर घासत चालतात, तसा तो आवाज होता. म्हणून ठरवलं, आधी तुझे सगळे सामने बघायचे आणि मग बोलायचं.

तू लॉगिन दिलंस त्याला आज दहा दिवस झाले. हूप्स डायनेस्टी, म्हणजे अमेरिकन कॉलेजचा बास्केटबॉल संघ चालवायचा हा तुझा कॉम्प्युटरवरचा खेळ, आधी मला काही केल्या कळेना. चित्र नाही, चेंडू नाही, नुसते आकडे आणि नावं. तीन रात्रींनंतर कळायला लागलं. हा आपलाच खेळ आहे, फक्त आवाज काढून घेतलेला. आतापर्यंतच्या सत्तावीसही सामन्यांचे बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचे तक्ते, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि एका दोनशेपानी वहीत सामन्याला एक पान असं लिहून काढलं. ४ जिंकलेले, २३ हरलेले.

तू सांगतोस तितका तुझा संघ वाईट नाही. तुम्ही सरासरी ९ गुणांनी हरताय. आणि दर सामन्यात तुमची मुलं १९ वेळा चेंडू घालवतात, समोरचे १२ वेळा. म्हणजे त्यांच्यापेक्षा सात वेळा जास्त तुमचा चेंडू बास्केटकडे न जाताच त्यांच्या हातात पडतो. कॉलेजच्या खेळात चेंडूच्या एका ताब्याला साधारण एक गुण धरायचा. नवातले सात गुण इथेच गळतायत. तू मात्र इतके दिवस शूटिंगवर चिडत होतास. शूटिंग ठीक आहे रे. चेंडू रिंगपर्यंत पोचतच नाही.

अमेरिकेत डीन ऑलिव्हर नावाचा एक इंजिनिअर आहे. त्याने बास्केटबॉलचा सामना चार गोष्टींत मोजला. चेंडू किती चांगला टाकलात, किती घालवलात, रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू, किती मिळवलेत आणि फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटसाठी, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेवर, किती वेळा गेलात. पहिल्याला त्याने साधारण ४० टक्के वजन दिलं, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २० आणि चौथ्याला १५. तुझ्या सत्तावीस पानांवर मी या चार ओळी मांडल्या. तीन ओळींत तू समोरच्याच्या आसपास आहेस. एकाच ओळीत बुडतोयस.

हा माणूस शिकला कॅलटेकमध्ये, आणि त्या कॉलेजच्या संघाची गोष्ट तुला सांगायलाच हवी. पासाडेनाचं कॅलटेक म्हणजे शास्त्रज्ञांचं कॉलेज. त्यांचा संघ डिव्हिजन तीनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो, तुझ्यासारखाच. प्रत्यक्षात तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत आणि अभ्यासाच्या अटी तर विचारूच नकोस. १९८५ पासून हा संघ आपल्या गटातला एकही सामना जिंकला नव्हता. ३१० सामने सलग हरले. २२ फेब्रुवारी २०११ ला, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, त्यांनी ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६-४५ असं हरवलं. शेवटची तीन सेकंद उरली असताना रायन एल्मक्विस्टने टाकलेला एक फ्री थ्रो पुरला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा निवला होता. पण त्या आकड्याकडे नीट बघ. शेहेचाळीस! आजकाल कॉलेजचे संघ सत्तरच्या घरात जातात. समोरच्यालाही त्यांनी पंचेचाळीसवरच अडवलं.

आता तुझं काय चुकतंय ते सरळ सांगतो. रागावू नकोस.

तू फुल कोर्ट प्रेस लावतोस, म्हणजे समोरच्याला पूर्ण मैदानभर अडवतोस, आणि त्यावर फास्टब्रेक, म्हणजे चेंडू मिळताच पळत सुटणारा हल्ला, खेळतोस. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. पण त्यांना दहा-अकरा दमदार मुलं लागतात, कारण पूर्ण कोर्टभर धावून पोरं दमतात आणि दमली की फाउल करतात. तुझ्याकडे १२ जणांत दोन तर वॉक-ऑन आहेत, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळात मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या जागा तू भरल्या नाहीस म्हणून आपोआप आलेले. दुसऱ्या हाफची पानं काढून बघ. शेवटच्या दहा मिनिटांत तुझे गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी मुलं, दमलेले असतात आणि तिथेच चेंडू सुटतो. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजने अशी पळापळ वर्षानुवर्षं यशस्वी केली हे मला माहीत आहे, पण ते एकदम पाच-पाच खेळाडू बदलत राहतात. तुझ्या बाकावर तितकी माणसं नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट. तीन हंगामांत तू हल्ल्याच्या तीन पद्धती बदलल्यास. आधी मोशन, मग फ्लेक्स, आता फास्टब्रेक. प्रत्येक पद्धतीत मुलाची समज किती, हे त्या खेळात अक्षरांत लिहिलेलं असतं. तुझ्या सीनिअरांना मोशनमध्ये बी होता. फास्टब्रेकमध्ये त्यांना सी आणि डी आहेत. जी मुलं मोशन शिकून मोठी झाली त्यांना शेवटच्या वर्षी तू पुन्हा बालवाडीत बसवलंस. एका घरात दरवर्षी चूल वेगळ्या कोपऱ्यात मांडली तर सून रडेल की नाही?

१९९८ साली मी ज्या शाळेत होतो तिथला मुलींचा संघ तुला आठवणार नाही, तू तेव्हा नव्हतासच. पेठांच्या फुटबॉलने वेडावलेल्या आपल्या गावात बास्केटबॉलला कोण विचारतो? शाळेने दोन चेंडू दिले होते, त्यातल्या एकात हवा राहत नसे. त्या वर्षी आम्ही जिल्ह्यात एकही सामना जिंकलो नाही. मुली रडायच्या आणि मी त्यांच्याकडून आणखी शॉट मारून घ्यायचो. रोज शंभर. एका सामन्याला मी शिट्टी बाजूला ठेवली, खाली बसलो आणि चेंडू कुठे जातो त्याची रेघ मारत गेलो. ३१ वेळा चेंडू गेला. त्यातले १४ चेंडू मध्यरेषा ओलांडायच्या आधीच. आमची चेंडू आणणारी मुलगी फक्त उजव्या हाताने ड्रिबल करायची, आणि हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक झालं होतं. फक्त मला नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा हात ओढणीने कमरेला बांधून दोन महिने डावा हात तयार केला. बाकी काही बदललं नाही. पुढच्या वर्षी आम्ही तीन सामने जिंकलो. तीनच. पण तिसऱ्या सामन्यानंतर त्या मुलींनी जो गोंधळ घातला तो अजून कानात आहे.

तुझ्या संघात अशी मुलगी शोधली. म्हणजे मुलगा. दुसऱ्या वर्षाचा तो गार्ड, बॉल हँडलिंग, म्हणजे चेंडू हाताळणं, ४१, वर्क एथिक, म्हणजे मेहनत, ७८. तू त्याला सामन्यामागे नऊ मिनिटं देतोस, आणि ज्या सीनिअरला बत्तीस मिनिटं देतोस त्याचं बॉल हँडलिंग ४४ आहे आणि तो पुढच्या महिन्यात कॉलेज सोडून चालला आहे. तीन अंकांसाठी तू तीन वर्षं उन्हात टाकतोयस. त्या खेळात मेहनती मुलगा सरावाने वाढतो, आणि कोर्टवर वेळ मिळाला तर आणखी वाढतो. या हंगामातले उरलेले सामने त्याला दे. त्याच्या सरावाची मिनिटं शूटिंगवरून काढून बॉल हँडलिंग आणि पासिंगवर टाक. हरशील. आत्ताही हरतोच आहेस.

पद्धत माझ्या मते हल्ल्याला मोशन आणि बचावाला मॅन टू मॅन, म्हणजे एकाने एकाला धरायचं, अशी ठेव, आणि वेग संथ कर. संथ खेळात एकूण ताबेच कमी होतात. समोरचा तुझ्याहून बलवान असेल तर त्याला आपलं बळ दाखवायला जितक्या कमी संधी मिळतील तितकं तुझ्या फायद्याचं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाचे कोच पीट कॅरिल आयुष्यभर हेच करत राहिले. १९९६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत त्यांच्यापुढे कॅलिफोर्नियातली यूसीएलए होती, आदल्या वर्षीची विजेती. प्रिन्स्टनच्या मुलांनी शॉट घ्यायला तेव्हा मिळणारं पस्तीस सेकंदांचं घड्याळ पुरेपूर वापरत पास पास पास खेळून त्यांना ताटकळवलं, आणि शेवटच्या काही सेकंदांत पाठीमागून कापत आलेल्या मुलाला अचूक पास गेला. ४३-४१. कॅरिलनी निवृत्ती जाहीर केली होती, त्यामुळे तो सामना हरले असते तर तोच त्यांचा शेवटचा ठरला असता. त्या पासचं चित्रण मी कितीदा बघितलंय याची गणती नाही. पास देणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच मुलगा, होता! उंच मुलांचंही पासिंग बघूनच भरती कर, असं मी म्हणतो ते त्यामुळे.

भरतीचंच खरं बोलायचं आहे. गेल्या वेळी तू दोन हजार किलोमीटर लांबच्या त्या सहा फूट दहा इंचाच्या मुलामागे निम्मे पैसे घातलेस आणि तो डिव्हिजन दोनच्या कॉलेजात गेला. तुझ्या दोन जागा त्याच्याचपायी रिकाम्या राहिल्या. मोठ्यांची नजर ज्याच्यावर आहे त्याच्यामागे आपण धावायचं नाही. जवळची मुलं बघ, त्यांना भेटायला जायचा खर्चही कमी. आज आकडे साधे पण वाढायला वाव मोठा आणि वर्क एथिक सत्तरच्या वर, अशांची यादी कर. सुरुवातीच्या पाचात खेळवेन असं वचन एखाद्याला द्यावंसं वाटेल, तर पाळता येईल तेवढंच दे.

आता जागांचा हिशेब, तो मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडलाय. सहा सीनिअर एकदम जातायत, दोन वॉक-ऑनही जातील. उरतात चार, दोन तिसऱ्या वर्षाचे आणि दोन दुसऱ्या. आठ जागा मोकळ्या दिसल्या की आठ नवखे घ्यावेसे वाटतात. घेऊ नकोस. ते आठही चार वर्षांनी एकाच दिवशी जातील आणि तू पुन्हा इथेच येशील. चार नवखे घे. दोन ज्युनिअर कॉलेजचे घे, आपली अकरावी-बारावी नव्हे, त्यांची दोन वर्षांची कॉलेजं. ती मुलं थेट तिसऱ्या वर्षाला येतात. दोन जागा मुद्दाम मोकळ्या ठेव. संथ खेळात दहाजण पुरतात. पुढच्या वर्षी दोन सीनिअर जातील, त्या आणि मोकळ्या दोन मिळून चार नवखे. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा चार. म्हणजे तिसऱ्या हंगामात तुझ्याकडे बाराही जण भरतीचे असतील आणि कोणत्याही वर्गात चारापेक्षा जास्त नसतील. तो जो गार्ड आहे ना, तो तोवर बाहेर पडलेला असेल. त्याच्या वाट्याला फार विजय येणार नाहीत. पण नव्या चार पोरांना चेंडू पोचवणारा तोच असेल.

दुसरा चांगला संघ घेतलास तर काय, असं तू विचारशील. चांगला संघ दुसऱ्या कोणी घडवलेला असतो. तू त्यातही पद्धत बदलशील अशी मला भीती वाटते. हे मी कठोर बोलतोय का? तू नोकरीतही दीड वर्षात दोन जागा बदलल्यास, ते मी इथे आणणार नव्हतो, पण रात्री वही लिहिताना तेच मनात होतं. त्याबद्दल कधीतरी समोरासमोर बोलू, मी बंगळूरुला येईन तेव्हा.

आई म्हणते, मुलगा नीट जेवतो का ते विचारा आणि मग बास्केटबॉल लिहा. तर विचारतो. भडंग आणि लिंबाचं लोणचं पाठवलंय, त्याच डब्यात खाली वही आहे. तेल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे. पाचवं आणि एकोणिसावं पान आधी बघ. त्या दोन सामन्यांत तुम्ही चेंडू फक्त अकरा आणि दहा वेळा घालवलात, आणि ते दोन्ही तुम्ही जिंकलात.

मंगळवारी रात्री सामना आहे ना तुझा? त्या गार्डला सुरुवातीला उतरवलंस का, आणि चेंडू किती वेळा गेला, ते सामना झाल्या झाल्या कळव. कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागाच असेन.

तुझा,
बाबा