तेल तापू दे, मग पळव

जालना

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की हर्सूलच्या घरून निघालं की काही मिनिटांत सावंगीला समृद्धीवर चढता येतं, आणि चढतानाच गाडी अशी झेपावते की पाठ सीटला चिकटते. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मलाही बरं वाटलं. स्वतःच्या कमाईतून ऑक्टाव्हिया आरएससारखी वेगवान गाडी घेतलीस, याचा मला किती अभिमान आहे हे तुझी आई तुला सांगेलच. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. हर्सूल ते सावंगी एवढ्याशा अंतरात त्या इंजिनाचं तेल तापलेलं नसतं, आणि नेमकं तिथंच तू त्याच्याकडून सगळी ताकद मागतेस. हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

तू म्हणशील, अण्णा, काटा तर ९० वर आलेला असतो. तो काटा पाण्याचा आहे, म्हणजे कूलंटचा. तुझ्या इंजिनात एक्झॉस्टचे, म्हणजे जळालेला धूर बाहेर नेणारे, मार्ग हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, आतच ओतलेले आहेत आणि त्यांच्याभोवती पाणी खेळवलेलं आहे. त्यामुळे पाणी मुद्दामच लवकर तापतं, पेट्रोल कमी जळावं आणि धूर कमी व्हावा म्हणून. शिवाय तो काटा साधारण ७५ अंशांपासून शंभराच्या थोडं वरपर्यंत ९० वरच उभा राहील अशी सोय कंपनीनेच केलेली असते, चालवणाऱ्याचा जीव उगाच वरखाली होऊ नये म्हणून. तेल मात्र खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, असतं. त्याला तापायला पाण्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. म्हणजे काटा मध्यावर आला तेव्हा अर्धंच काम झालेलं असतं.

तुझ्या गाडीत तेलाचं तापमान दाखवणारी पाटी आहे. मीटरच्या मधल्या छोट्या पडद्यावर बटण दाबत गेलीस की ती सापडेल. ५० अंशांच्या खाली तिथे आकडा दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. मी सांगतो त्यातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ही पाटी कायम समोर ठेव. रेघा आहेत तोवर पाय अगदी हलका. आकडा ८० च्या पुढे गेला की थोडं थोडं मागायला हरकत नाही. ९० ते १०० मध्ये स्थिरावला की मग इंजिन तुझं. जोरात चालवल्यावर तो ११० पर्यंत गेला तर घाबरू नकोस, त्या तेलाला तेवढं सोसतं.

आता आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतही पारा ४२ वर असतो, उन्हात उभी असलेली गाडी हाताला चटका देते. मग लोक म्हणतात, इथं कसली गाडी तापवायची, ती तर तापलेलीच आहे! दुकानात येणारे भले भले ड्रायव्हर असं म्हणतात. हे खरं नाही. ५डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल उदाहरणाला घे. १०० अंशांना त्याचा घट्टपणा साधारण १४ सेंटीस्टोक्स असतो, आणि ४० अंशांना तोच ८५ च्या आसपास असतो. म्हणजे आपल्या कडक उन्हाळ्यातही, गाडी सुरू होते त्या क्षणी तेल हवं त्यापेक्षा सहापट घट्ट असतं. हाताला गरम लागणं वेगळं आणि इंजिनाला गरम असणं वेगळं. हिवाळ्यात तर विचारूच नकोस. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, आपल्याकडेही पहाटे चांगलाच गारठा असतो. तेव्हा ते तेल थंडीतल्या काकवीसारखं अंग चोरून बसलेलं असतं.

घट्ट तेल म्हटलं की लोकांना वाटतं, बरंच की, जास्त जाड थर राहील. पण ते बारीक वाटांतून जायला वेळ घेतं. थंड इंजिनात तेलाचा दाब उलट जास्तच दिसतो, आणि दाब म्हणजे प्रवाह नव्हे. पंप ढकलतो, तेल पुढे सरकत नाही, म्हणून दाब चढतो, आणि मग सुटकेचा व्हॉल्व्ह उघडून बरंचसं तेल जिथून आलं तिथेच परत पाठवतो. तेल फारच घट्ट असताना इंजिन जोरात फिरवलं तर फिल्टरचाही बायपास उघडतो, आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगकडे जातं. आपल्या दुकानात मेटल, म्हणजे हीच बेअरिंग, गेलेली इंजिनं दुरुस्तीला येतात तेव्हा मी त्यांचे शेल, म्हणजे अर्धगोल पत्रे, खिडकीशी उजेडात धरून बघतो, तू लहानपणी शेजारी उभी राहायचीस. वरचा करडा थर घासून आतला तांब्याचा रंग दिसायला लागला की ते इंजिन कसं चालवलं गेलं ते कळतं. आपल्याकडे येतात ती बहुतेक ट्रॅक्टरची आणि जीपची इंजिनं, पण क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, आणि मेटल यांच्यातला तेलाचा पडदा सगळीकडे तसाच असतो. तुझ्या इंजिनात त्याच्यावरचा भार मात्र कितीतरी जास्त आहे.

पिस्टनचंही ऐक. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट फुगतं. तुझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते ब्लॉकमधलं भोक, ८२.५ मिलिमीटरचा आहे. १०० अंशांनी तापमान वाढलं की पिस्टनचा व्यास जवळजवळ ०.१९ मिलिमीटरने वाढतो आणि बोअरचा ०.०९ ने. हे धरूनच बनवणारे पिस्टन थोडा लहान आणि किंचित लंबगोल ठेवतात, म्हणजे गरम झाल्यावर तो बरोबर बसावा. थंड असताना तो बोअरमध्ये सैल असतो, बाजूने आपटतो. त्याच वेळी इंजिन सुरळीत चालावं म्हणून पेट्रोलही जास्त सोडलं जातं, आणि ते बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. सैल पिस्टन, धुतलेली भिंत, वर अजून न पोचलेलं तेल, आणि त्याच क्षणी पूर्ण ॲक्सिलरेटर. बोअर झिजतो तो सगळ्यात जास्त वरच्या बाजूला, जिथे पहिली रिंग थांबून परत फिरते. त्या जागेवर बोट फिरवलं की पायरी लागते. तुझ्या इंजिनाला ती पायरी पडू नये एवढीच माझी इच्छा आहे.

आता तू म्हणशील, मग घरासमोर दहा मिनिटं चालू ठेवते. तेही नको. आपल्या गल्लीत पहाटे ट्रक सुरू करून ठेवायचे, ते तू पाहिलं आहेस. त्याचं मोठं कारण वेगळं होतं, ब्रेकच्या टाकीत हवा भरायची असते. पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तापवली तर तापायला उलट जास्त वेळ लागतो, कारण तिच्यावर भारच नसतो, आणि तेवढा वेळ जास्तीचं पेट्रोल बोअरमधून खाली तेलात उतरत राहतं. गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर, टायर, यांतलं काहीच उभ्या गाडीत तापत नाही. तुझा डीएसजी गिअरबॉक्सही तेलात बुडालेल्या क्लचवर चालतो, त्यालाही चालूनच ऊब येते.

तेव्हा असं कर. गाडी सुरू कर, बेल्ट लाव, आरसे बघ. सुरुवातीला आरपीएम हजाराच्या वर असतात, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठीचा हिशेब आहे. अर्ध्या मिनिटात आवाज खाली बसला की नीघ. गिअर डी मध्येच ठेव, स्पोर्टला हात लावू नकोस, कारण स्पोर्टमध्ये गिअरबॉक्स इंजिनाला विनाकारण वर धरून ठेवतो.

आणि इथे एक बाब आहे जी जुन्या गाड्या चालवलेल्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. ते म्हणतात, आरपीएम कमी ठेव म्हणजे झालं. तुझ्या गाडीला ते पुरत नाही. हे टर्बोचं, म्हणजे पंख्याने जादा हवा आत कोंबणारं, इंजिन ३५० न्यूटन मीटरचा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १५०० आरपीएमपासूनच देतं. म्हणजे काटा दोन हजारावर असतानाही तू पाय तळाला नेलास तर पिस्टनवर आणि मेटलवर पूर्ण भार येतो. म्हणून थंड असताना आरपीएम अडीच हजाराच्या आत ठेव आणि पायही वरच ठेव. दोन्ही पाहिजेत. सावंगीला चढताना मागे ट्रक असेल तर गरजेपुरता वेग घ्यावाच लागतो, तिथे इंजिनाचा विचार करू नकोस, जिवाचा कर. पण चढल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटर डावीकडून ८०-९० ने चल, पाटीवर ८० दिसेपर्यंत. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि ती तुलाही आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर मित्रमैत्रिणींबरोबर जायचं म्हणतेस. जरूर जा. पळवायची तर अशाच जागी पळवावी. पण तिथे पोचल्यावर गाड्या रांगेत उभ्या राहतात, तास-दीड तास जातो, आणि तेवढ्यात तेल पुन्हा निवतं. पाण्याचा काटा बघून फसू नकोस. पहिली फेरी निवांत घाल, तेलाचा आकडा बघ, टायरनाही जरा ऊब येऊ दे. गार टायरला पकड कमी असते. हवा मात्र सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर गार असतानाच तपास. फॉर्म्युला वनच्या गाड्यांचं तर असं की त्यांचं पाणी आणि तेल बाहेरून गरम करून आत फिरवतात, तेव्हा कुठे इंजिन सुरू करतात. इतक्या कमी फटीवर बनवलेलं असतं ते.

थांबतानाही एवढीच काळजी घे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त वेळा फिरतो, तोही तेलाच्या पातळ पडद्यावर. एका बाजूला लालभडक तापलेला एक्झॉस्ट असतो. जोरात येऊन तशीच गाडी बंद केलीस तर तिथलं तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. शेवटचे चार-पाच किलोमीटर शांत चालवलंस की पुरे. बंद केल्यावरही पंखा किंवा पंप फिरताना ऐकू आला तर तो बिघाड नाही, गाडी स्वतःला निववते आहे.

रोजचं तुझं ऑफिस जवळ आहे. अशा छोट्या फेऱ्यांत तेल कधीच पुरतं तापत नाही, आणि त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी तसंच राहतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी लांब चक्कर मार. जालन्याला ये, साठेक किलोमीटर होतात, आईही वाट बघते.

येशील तेव्हा सर्व्हिसचं पुस्तक बरोबर आण. आधीच्या मालकाने तेल केव्हा बदललं आणि कोणतं घातलं ते मला पाहायचं आहे. त्यात काय लिहिलंय ते असो, तेल आपण दुकानात नव्याने घालू, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच. जुना फिल्टर टाकायचा नाही, त्याच्या घड्या उलगडून उजेडात बघू. चमकणारे कण दिसले तर पुढचं काय ते ठरवू, नाही दिसले तर निर्धास्त चालव. फिल्टरचा नंबर तेवढा मला आधी कळव, मी मागवून ठेवतो.

तुझे
अण्णा