ताप अंगावर आम्ही काढला नाही, मंत्रिमहोदय

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातली निवृत्त शिक्षिका. 31 वर्षं विज्ञान शिकवलं. मे महिन्यात तुमच्या खात्याचे अधिकारी आमच्या ग्रामसभेत सांगून गेले, मिरग लागायच्या आत आरोग्य केंद्रात रक्त तपासणारा तंत्रज्ञ रुजू होईल. टाळ्या मीही वाजवल्या. मिरग लागला, आर्द्रा गेली, लावणीही आटोपली. तंत्रज्ञाच्या खोलीला कुलूप ते कुलूपच.

12 जुलैला माझा मुलगा तरवा काढून घरी आला तो कुडकुडतच. पायांना चिखल्या, डोळे लालभडक, पोटऱ्यांना हात लावू देईना. "आये, माका थंडी लागता." चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप 102.5. केंद्रात नेला. सुई टोचली, गोळ्यांची पुडी दिली, व्हायरल आहे म्हणाले. ताप उतरला, रात्री पुन्हा चढला. पुन्हा नेला, पुन्हा सुई. पाच दिवसांत तीन खेपा झाल्या आणि एकदाही रक्त घेतलं नाही. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. भाड्याच्या गाडीने गोव्याला नेला. लेप्टो निघाला, उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप. चार वेळा डायलिसिस झालं, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. मुलगा वाचला, अजून विहिरीवरून कळशी आणताना बसतो.

ताप शत्रू नव्हे, हे मीच फळ्यावर आकृती काढून शिकवत आले. जंतू शिरला की पांढऱ्या पेशींचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो, तो 37 अंश सेल्सिअसची खूण वर सरकवतो आणि तिथवर पोचायला स्नायू थरथरतात. तीच हुडहुडी. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, 39 अंशांवर ठेवून पाहिल्या. लढणाऱ्या पेशी जोमाने वाढल्या, त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी ढिल्या पडल्या. पण लढणाऱ्यांतल्याच काहींच्या तंतुकणिकांवर (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांवर) ताण आला, डीएनए तुटला, काही मेल्या. तगल्या त्या जास्त चिवट निघाल्या. हे मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फोनवर वाचत होते, तेव्हा आत यंत्र माझ्या पोराचं रक्त धूत होतं.

शरीर इतकी किंमत मोजून झुंजतं, साहेब. पॅरासिटामॉलला माझा विरोध नाही, अंग जळत असेल तर द्यावीच. पण ती पारा उतरवते, लेप्टोचा जंतू मारत नाही. त्याला प्रतिजैविक लागतं, आणि तेही लवकर. आमच्याकडे एकाच पावसात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया. दोडामार्गाकडे 2016 पासून गोचिडीतून होणारा माकडतापही. यातला कोणता ताप, हे सुईला कसं कळणार? आमच्या तीन वाड्यांत या पावसात तापाने झोपलेली माणसं मोजली तर 19 भरली, एखाद-दुसरं इकडेतिकडे असेल. रक्त तपासलं गेलं ते चौघांचं, तेही पदरचे पैसे घालून.

केंद्राच्या भिंतीवर तुमच्या खात्याची पाटी आहे: 'ताप अंगावर काढू नका.' आम्ही काढला नाही. तीनदा दारात आलो. ताप अंगावर काढला तो तुमच्या व्यवस्थेने, माझ्या मुलाच्या अंगावर. पाटी रंगवायला पैसा मिळतो, पद भरायला मिळत नाही. एकटा डॉक्टर, बाहेर शंभर माणसं. त्या डॉक्टर पोराला तरी मी काय बोलू? शाळेत शिक्षक नाही, केंद्रात तंत्रज्ञ नाही, धड रस्ता नाही. कोकणातल्या माणसाने शिकायला मुंबईला जायचं आणि जगायला गोव्याला, हे कुणी ठरवलं? मतं मागायला मात्र प्रत्येक वाडीत माणूस पोचतो, भर पावसातसुद्धा.

तंत्रज्ञ द्या. लेप्टो-डेंग्यूच्या तपासणीची किट द्या. चिखलणीला उतरणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी द्यायची असेल तर ती आधी द्या, साथ आल्यावर नको. भाद्रपदातही शेतात पाणी असतं आणि उंदीरही असतात.

त्या खोलीची किल्ली शिपायाकडे आहे. मी विचारून ठेवलं आहे.

आपली,
एक आई